भाड्याने घेतलेली स्कॉटिश गढी: अ‍ॅबर्डीनशायरमधील तीन रात्री

इंग्रजीतल्या ‘कॅसल’ला मराठीत ‘किल्ला’ म्हणण्याची आपल्याला सवय आहे आणि या मुक्कामाबाबतचे आमचे निम्मे गैरसमज त्या एका शब्दातून आले. किल्ला म्हटले की माची, बालेकिल्ला, लांबच लांब तट आणि दिवसभराची पायपीट डोळ्यांपुढे उभी राहते. स्कॉटलंडच्या ईशान्येकडील अ‍ॅबर्डीनशायरमध्ये ज्या वास्तूत आम्ही ऑक्टोबरच्या मध्यावर तीन रात्री राहिलो, तिला खरे तर गढी म्हणायला हवे. एका जमीनदार घराण्याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस स्वतःच्या राहण्यासाठी बांधलेली, शेजारच्या घराण्यांच्या धास्तीने भिंती जाड ठेवलेली, उंच आणि अरुंद अशी ती पाच मजली दगडी वास्तू आहे. ते घराणे आजही त्याच इस्टेटीवर, अर्ध्या मैलावरच्या एका साध्या शेतघरात राहते आणि गढी वर्षातील बराच काळ एका वेळी एकाच गटाला भाड्याने देते. गढीचे नाव मी येथे मुद्दामच देत नाही. पुढे येणाऱ्या तक्रारी बहुतांशी वास्तूच्या नसून मधल्या आरक्षण कंपनीच्या आहेत, आणि त्यांचे खापर त्या घराण्यावर फुटावे अशी माझी इच्छा नाही.

निमित्त वडिलांच्या पंचाहत्तरीचे होते. आम्ही चौदा जण होतो. सर्वांत लहान चार वर्षांची भाची आणि सर्वांत ज्येष्ठ ७९ वर्षांच्या आत्या. तीन रात्रींचे भाडे ५,४०० पाउंड, म्हणजे माणशी एका रात्रीचे सुमारे १२९ पाउंड पडले. याखेरीज १,००० पाउंड अनामत होती. चांगल्या हॉटेलापेक्षा हे महाग आहे, हे आधीच मान्य करावे. शिवाय भाडे वास्तूचे असते, माणसांचे नसते. त्यामुळे आठ जणांनी गेल्यास तोच आकडा माणशी २२५ पाउंडांवर जातो आणि मग त्याचे समर्थन करणे कठीण होते. गट लहान असेल, तर १९६५ साली स्थापन झालेल्या लँडमार्क ट्रस्टसारख्या धर्मादाय संस्थेकडे चौकशी करणे शहाणपणाचे. किंटायरच्या किनाऱ्यावरील त्यांचा सॅडेल कॅसल आठ जणांपुरताच आहे. मात्र ट्रस्टच्या घरांत टीव्ही नसतो आणि आमच्या गढीतल्यासारखी घराण्याची रोजच्या वापरातली चीजवस्तूही नसते. हा दुसरा फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्याकडे पुढे येतोच.

आरक्षण करताना आमच्या हातून एक चूक झाली. स्कॉटलंडमध्ये घर अल्प मुदतीसाठी भाड्याने देणाऱ्यास स्थानिक परिषदेचा परवाना लागतो. जे आधीपासून हा व्यवसाय करत होते, त्यांनाही १ ऑक्टोबर २०२३ पर्यंत अर्ज करणे बंधनकारक होते. जाहिरातीत परवान्याचा क्रमांक आणि जास्तीत जास्त किती माणसे राहू शकतात तो आकडा, हे दोन्ही द्यावे लागते. आम्ही दोन्ही पाहिले, ‘सोळा’ हा आकडा वाचून निश्चिंत झालो आणि ही सोळा माणसे नेमकी कोणत्या मजल्यावर झोपणार आहेत, हे विचारायचे राहून गेले. प्रत्यक्षात झोपण्याच्या सात खोल्यांपैकी जिन्याच्या पहिल्या वळणावर मिळेल अशी एकही नव्हती. सर्वांत खालची खोली हॉलच्या वर, म्हणजे ३४ पायऱ्यांवर, आणि सर्वांत वरची छपराखालच्या टोपीवजा खोलीत, ७१ पायऱ्यांवर होती. तिथे ‘दोन जणांची सोय’ म्हणजे उघडून पसरायचा एक सोफा होता. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्या माणसांसाठी काय सोय आहे असे आम्ही आरक्षण कंपनीला पत्र लिहून विचारले होते, आणि ‘सर्व खोल्या आरामदायी आहेत’ असे एका ओळीचे उत्तर आले होते. ते खोटे नव्हते, पण विचारले एक आणि सांगितले भलतेच अशी ती गत होती.

पोहोचण्याबद्दल थोडक्यात. अ‍ॅबर्डीनच्या विमानतळावरून भाड्याच्या दोन गाड्यांनी सव्वा तास लागला. शेवटचा रस्ता एकेरी असून समोरून गाडी आल्यास थांबण्यासाठी ठरावीक अंतरावर जागा सोडलेल्या आहेत. पोस्टकोड टाकल्यास नकाशा भलत्याच शेताच्या फाटकापाशी नेतो, ही सूचना स्वागतपत्रात असायला हवी होती. किराणा पोहोचवणारी गाडीही त्याच फाटकापाशी जाऊन उभी राहिली होती.

गढी पहिल्यांदा दिसते ती बीच वृक्षांच्या दुतर्फा रांगेच्या शेवटी. फिकट गुलाबी-करड्या गिलाव्याच्या भिंती खालून वर जवळजवळ कोऱ्या आहेत. सगळा नखरा छपराशी आहे. कोपऱ्यांतून बाहेर डोकावणारे गोल सज्जे, त्यांवर शंकूसारखी टोपणे आणि पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणाऱ्या त्रिकोणी भिंती. वास्तूचा आराखडा इंग्रजी एल अक्षरासारखा आहे आणि दोन बाजू जिथे मिळतात त्या आतल्या कोपऱ्यात, दोन्हीकडून नजर राहील अशा ठिकाणी, एकुलता एक दरवाजा आहे. लाकडी दाराच्या मागे लोखंडी जाळीचे दुसरे दार आहे, त्याला तेथे ‘येट’ म्हणतात. स्कॉटलंडच्या या जाळ्या नीट पाहण्यासारख्या असतात, कारण त्यांच्या उभ्या-आडव्या सळ्या एकमेकींवर ठेवून ठोकलेल्या नसतात, तर एकमेकींच्या पोटातून आरपार ओवलेल्या असतात. त्यातही शेजारच्या चौकटींत ओवण्याची दिशा उलटी असते, म्हणजे एखादी सळई उपटून काढण्याची सोयच राहत नाही. आमच्या भाचीने पहिल्या दहा मिनिटांत त्यावर चढण्याचा प्रयत्न केला, तेव्हा स्वागताला आलेल्या देखभाल करणाऱ्या बाई शांतपणे म्हणाल्या की हे दार चारशे वर्षांत अशा अनेकांना पुरून उरले आहे.

तळमजला पूर्वी कोठारांचा होता. अर्धवर्तुळाकार दगडी छताच्या त्या खोल्यांत आता स्वयंपाकघर, बूट-रेनकोट ठेवण्याची जागा आणि दुरुस्तीच्या सामानाची खोली आहे. पहिल्या मजल्यावरचा हॉल हेच या गढीचे हृदय, आणि दिलेल्या पैशांपैकी निम्मे त्या एका दालनाचे आहेत असे मी म्हणेन. लांबी सुमारे बारा मीटर, उंच छत, एका टोकाला माणूस उभा राहील एवढी फायरप्लेस आणि भिंतींची जाडी इतकी की प्रत्येक खिडकी म्हणजे स्वतंत्र खोलीच. खिडकीच्या त्या खोबणीत दोन्ही बाजूंना दगडी बैठका कोरलेल्या आहेत, त्यांवर जुन्या मखमलीच्या गाद्या घातल्या आहेत. बाहेर पाऊस पडत असताना समोरासमोर बसून दोघांनी तासभर बोलावे, तर उरलेल्या दालनाला त्याचा पत्ता लागत नाही. आमच्या घरातील ज्या दोन माणसांत गेली तीन वर्षे केवळ कामापुरते बोलणे होते, ती दुसऱ्या संध्याकाळी अशा एका खिडकीत दीड तास बसलेली दिसली. काय बोलणे झाले ते कोणी विचारले नाही.

भिंतीतल्या एका दगडी कोनाड्यात, जिथे एके काळी चांदीची भांडी किंवा कागदपत्रे ठेवली जात असतील, तिथे आता वाय-फायचे यंत्र ठेवलेले आहे. त्याचा पल्ला त्या दालनापुरता आणि जिन्याच्या सहा-सात पायऱ्यांपुरता. भिंतींपुढे त्याचे काही चालत नाही. मोबाइलला सिग्नल मिळतो तो घोड्यांच्या जुन्या तबेल्यामागच्या चढावर. ज्यांना कामाच्या बैठकांना हजर राहायचे आहे, त्यांनी हे आधी लक्षात घ्यावे. आम्हाला ते वरदान वाटले, परंतु प्रत्येकाला वाटेलच असे नाही.

आता थंडीविषयी, कारण या प्रकारच्या मुक्कामाचा खरा निकाल थंडीवरच लागतो. गढी ‘अ’ श्रेणीची संरक्षित वास्तू आहे. स्कॉटलंडमध्ये अ, ब आणि क अशा तीन श्रेणी असून पहिलीत मोडणाऱ्या वास्तूच्या खिडकीची चौकट बदलायची म्हटली तरी परिषदेची संमती लागते. त्यामुळे दुहेरी काचा नाहीत, भिंतींना आतून उष्णतारोधक थर नाही, आणि जाड दगड एकदा थंड झाला की दोन-तीन दिवस तापत नाही. तेलावर चालणारा बॉयलर सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते दहा एवढाच चालतो. त्याबाहेर चालवल्यास तासाला जादा आकार. पहिल्या रात्री हॉलमधील तापमान १६ अंशांच्या वर गेले नाही. आम्ही फायरप्लेसमध्ये लाकडे भरभरून टाकत राहिलो, आणि जितका जाळ मोठा तितकी पाठ गार पडू लागली. कारण एवढे रुंद धुराडे खोलीतली गरम हवा ओढून बाहेर फेकते आणि तिच्या जागी दारा-खिडक्यांच्या फटींतून थंड हवा आत येते. दुसऱ्या दिवशी देखभाल करणाऱ्या बाईंनी युक्ती सांगितली: जाळ मध्यम ठेवायचा, खुर्च्या अर्धवर्तुळात जवळ ओढायच्या, जिन्याचे दार लावून तिथला जाड पडदा सोडायचा आणि सूर्य मावळण्याआधी, म्हणजे त्या दिवसांत सहाच्या आत, खिडक्यांची आतली लाकडी झडपे बंद करून आडणा लावायचा. एवढ्याने पाच अंशांचा फरक पडला. ही चार वाक्ये छापून टेबलावर ठेवायला कंपनीला काय हरकत होती, हे मला कळलेले नाही.

लाकडाचा हिशेब हे दुसरे दुखणे. ‘फायरप्लेससाठी लाकूड समाविष्ट’ असे करारात होते. प्रत्यक्षात समाविष्ट होत्या चार जाळीदार पिशव्या. त्या पहिल्याच रात्री संपल्या. पुढची प्रत्येक पिशवी नऊ पाउंडांना, आणि दोन पिशव्यांतील लाकूड ओलसर निघाल्याने धूर झाला. वाळलेले आणि ओले लाकूड ओळखण्याची साधी खूण अशी की दोन ओंडके एकमेकांवर आपटल्यास वाळलेले टणक वाजते, ओले भद वाजते. ओले ओंडके आम्ही परत दिले व ते मुकाट्याने बदलून मिळाले.

उत्तरेकडच्या एका खोलीत भिंतीवर ओलीचा मोठा डाग आहे आणि तिथे वास येतो. याचे कारण ऐकण्यासारखे आहे. जुन्या गढ्यांच्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात आणि बाहेरून चुन्याचाच गिलावा असतो. पावसाचे पाणी भिंतीत शिरते, पण चुन्यातून ते बाहेरही पडते. विसाव्या शतकात अनेक ठिकाणी दुरुस्ती सिमेंटने झाली. सिमेंटला बारीक तडे जातात, त्यांतून पाणी आत जाते आणि मग त्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. इथून जवळच असलेल्या, १६२६ साली पूर्ण झालेल्या क्रेगीव्हारच्या प्रसिद्ध गुलाबी कॅसलवरही सिमेंटचा गिलावा सोलून पुन्हा चुन्याचा चढवावा लागला होता. आमच्या गढीच्या तीन बाजूंचे काम झाले आहे, उत्तरेची बाजू पैशांअभावी थांबली आहे. तोवर ती खोली भाड्याच्या मोजणीत धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या खोलीत झोपलेल्या माझ्या मेहुण्याचे मत याहून कडक आहे.

स्वयंपाकघराविषयी मात्र भरभरून लिहिता येईल. तिथे आगा नावाची बिडाची अवाढव्य चूल आहे. स्वीडनचे नोबेल विजेते शास्त्रज्ञ गुस्टाफ दालेन यांनी १९२२ मध्ये शोधलेली ही चूल चोवीस तास तापलेलीच असते. तिला ज्योत नाही, कमी-जास्त करण्याची कळ नाही. वर दोन तापलेल्या तबकड्या, एक प्रखर आणि एक मंद, त्यांवर गोल जाड झाकणे, आणि खाली वेगवेगळ्या तापमानांच्या भट्ट्या. झाकण उघडे राहिले की उष्णता उडून जाते आणि तासाभराने साधे पाणीही उकळेना होते. पहिल्या संध्याकाळी चौदा माणसांचा भात, आमटी आणि भाजी एकदम वर ठेवून आम्ही तिची सगळी धग संपवून टाकली, आणि जेवायला रात्रीचे साडेदहा वाजले. मग लक्षात आले की हिच्याशी घाई करून चालत नाही. भात उकळी आल्यावर झाकून खालच्या मंद भट्टीत सारायचा, डाळही तिथेच, आणि वरच्या तबकड्या फोडणीपुरत्या राखून ठेवायच्या. मंद तबकडी स्वच्छ पुसून त्यावर तव्याशिवाय थेट पोळी टाकली तर ती उत्तम भाजली जाते. ज्योत नसल्याने फुलका फुगवता येणार नाही अशी काकूंना खात्री होती, परंतु कापडाने हलके दाबल्यावर तोही फुगला. शेवटच्या दिवशी काकू त्या चुलीपुढून हलायला तयार नव्हत्या. उन्हात वाळलेल्या कपड्यांसारखे गरम हातपुसणे तिच्या दांडीवर दिवसभर मिळते, हा फायदा वेगळाच.

फोडणीवरून आठवले. स्कॉटलंडमधील प्रत्येक घरात फेब्रुवारी २०२२ पासून एकमेकांना जोडलेल्या धोक्याच्या घंटा असणे बंधनकारक आहे, म्हणजे एक वाजली की सगळ्या वाजतात. लाल मिरचीच्या फोडणीचा ठसका जिन्यातून वर गेला आणि पाचही मजले एकदम किंचाळू लागले. दगडी जिन्यात तो आवाज काय घुमतो, हे ज्याने ऐकले त्यालाच कळेल. देखभाल करणाऱ्या बाई फाटकाजवळच्या घरातून पाच मिनिटांत हजर झाल्या, स्वयंपाकघराचे बाहेरचे दार उघडून त्यांनी जाड पाट अडकवला आणि पुढल्या वेळी आधी हे दार उघडा, मग तेल तापवा, एवढेच सांगून परत गेल्या. चूक आमची होती. त्यांच्या वागण्याला पूर्ण गुण.

जिन्याबद्दल वर ओझरता उल्लेख आला, पण तेवढ्याने भागणार नाही. चक्री जिना अरुंद आहे, पायऱ्या आतल्या टोकाला जेमतेम चार बोटे रुंद आणि मध्यभागी शेकडो वर्षांच्या पावलांनी झिजून पन्हाळीसारख्या झालेल्या. धरायला दोरखंड आहे, कठडा नाही. आत्यांना दिवसातून एकदाच खाली आणायचे आणि रात्री एकदाच वर न्यायचे, अशी व्यवस्था करावी लागली. दिवसा त्यांना विसावा घ्यायला हॉलमध्ये एक दिवाण होता म्हणून निभावले. मोठ्या बॅगा वर जातच नाहीत. सामान हातपिशव्यांत विभागून आणावे. स्वागताच्या वहीत या जिन्याविषयी एक लोकप्रिय गोष्ट दिली आहे: जिना उजवीकडे वळत चढतो, कारण वरून लढणाऱ्या उजव्या हाताच्या माणसाला तलवार फिरवायला जागा मिळावी आणि खालून येणाऱ्याची अडचण व्हावी. गोष्ट ऐकायला झकास आहे, पण तिला मध्ययुगातला आधार सापडत नाही. थिओडोर कुक या लेखकाने विसाव्या शतकाच्या आरंभी ती मांडली आणि तेव्हापासून ती जिथे तिथे सांगितली जाते. डावीकडे वळणारे जिनेही कितीतरी कॅसलांत आहेत. शिवाय शत्रू चौथ्या मजल्याच्या जिन्यापर्यंत पोहोचला असेल, तर गढी केव्हाच पडलेली असणार.

मी ज्याला या मुक्कामाचा गाभा समजतो तो असा. दुसऱ्या दिवशी आम्ही डी नदीच्या खोऱ्यातील क्रॅथेस कॅसल पाहायला गेलो. बर्नेट घराण्याला रॉबर्ट द ब्रूस राजाने १३२३ मध्ये तेथील जमीन दिली. १५५३ ते १५९६ या काळात बांधलेला तो कॅसल विसाव्या शतकाच्या मध्यास त्यांनी स्कॉटलंडच्या नॅशनल ट्रस्टकडे सोपवला. तुळयांवर आणि फळ्यांवर रंगवलेली तिथली छते अप्रतिम आहेत, राखणही उत्तम आहे. परंतु खुर्चीपुढे दोरी आहे, पलंगावर ‘हात लावू नये’ अशी पाटी आहे आणि पाच वाजता बाहेर पडावे लागते. तिथून परत आल्यावर आमच्या गढीतल्या जवळपास तशाच ओक लाकडाच्या खुर्चीत वडील चहाचा पेला घेऊन बसले, तेव्हा दोन्हींतला फरक सांगावा लागला नाही. इथे पणजोबांच्या तैलचित्राखाली नातवाचा शाळेतला फोटो आहे, पुस्तकांच्या कपाटात शेतीच्या औषधांच्या जुन्या यादीशेजारी चामडी बांधणीचे ग्रंथ आहेत, बुटांच्या खोलीत बारा वेगवेगळ्या मापांचे रबरी बूट रांगेत आहेत आणि ते पाहुण्यांनी वापरावेत अशी अपेक्षा आहे. खेळांच्या कपाटातल्या पत्त्यांच्या जोडात बदामाचा सत्ता नाही; त्याच्या जागी कोणीतरी पुठ्ठ्यावर हाताने काढलेला सत्ता ठेवला आहे. अशा घरात वावरताना आपण पर्यटक राहत नाही, घरमालक बाहेरगावी गेले असताना उतरलेल्या दूरच्या नातेवाइकांसारखे होतो, आणि तसेच जपून वागू लागतो.

अर्थात हे सारे टिकवण्याचा खर्च प्रचंड आहे आणि भाड्याकडे पाहताना तो ध्यानात घ्यायला हवा. ब्रिटनमध्ये वारसा कर आणि देखभाल न झेपल्याने विसाव्या शतकात अशी शेकडो घरे पाडली गेली. १९७४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्यांच्यावर एक मोठे प्रदर्शनच भरले होते. संरक्षित वास्तूच्या दुरुस्तीवरही मालकाला २० टक्के मूल्यवर्धित कर द्यावा लागतो. लग्नसमारंभ, चित्रीकरण आणि आमच्यासारखे गट यांच्या पैशातूनच छपराची पुढची बाजू होते. घराण्यातील ज्या गृहस्थांनी तिसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला तासभर गढी दाखवली, त्यांनी हे कोणतीही खंत न दाखवता सांगितले. ही फेरी भाड्यात समाविष्ट आहे, मात्र मागितल्याशिवाय मिळत नाही. ती पहिल्याच दिवशी मागून घ्यावी, म्हणजे पुढचे दिवस डोळस होतात.

नियम बरेच आहेत. मेणबत्त्या पूर्णतः वर्ज्य, टाचेच्या चपला लाकडी जमिनींवर चालत नाहीत, दोन खोल्या आणि कागदपत्रांचे दालन कुलूपबंद. वाढदिवसाच्या केकवरच्या मेणबत्त्यांसाठीही परवानगी मागावी लागली व ती तळमजल्याच्या दगडी खोलीपुरती मिळाली. मला यात काही गैर वाटले नाही. गरम पाण्याची टाकी मात्र चौदा माणसांना अपुरी आहे; सलग पाच आंघोळींनंतर अडीच तास थांबावे लागते, म्हणून आम्ही सकाळ-संध्याकाळ अशा पाळ्या लावल्या. नळाचे पाणी इस्टेटीवरच्या झऱ्याचे, किंचित पिवळसर पण गाळून शुद्ध केलेले. पहिल्या दिवशी सगळ्यांनी ते संशयाने पाहिले, नंतर कोणी लक्ष दिले नाही.

बाहेर फिरण्याला तोटा नाही. स्कॉटलंडच्या २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्या कोणालाही बहुतेक मोकळ्या जमिनींवरून चालण्याचा हक्क दिला आहे. फक्त घराभोवतीची खासगी जागा त्यातून वगळली आहे. त्यामुळे झाडांच्या रांगेतून अनोळखी लोक कुत्री घेऊन जाताना दिसतात आणि हात हलवतात, पण बागेत येत नाहीत. आम्ही एका सकाळी बेनाही डोंगराच्या मिदर टॅप या ५१८ मीटर उंचीच्या सुळक्यावर गेलो. माथ्याशी प्राचीन कोटाच्या दगडी तटाचे अवशेष आहेत, आणि वाऱ्यापुढे उभे राहवत नाही. किल्ला शब्दाने आमच्या मनात जे काही उभे केले होते, ते गढीत नव्हे तर तिथे थोडेफार सापडले.

पुन्हा जायचे झाल्यास आम्ही सप्टेंबर निवडू, तीनऐवजी चार रात्री घेऊ, कारण पहिला दिवस थंडी आणि चूल समजून घेण्यातच जातो; आणि आत्यांसाठी तबेल्याच्या जागी केलेली तळमजल्यावरची दोन खोल्यांची सोय आधीच मागून घेऊ, जिचा पत्ता आम्हाला निघायच्या दिवशी लागला. वास्तूला आणि देखभाल करणाऱ्या बाईंना मी पाचपैकी पाच गुण देईन, आरक्षण कंपनीला दोन.

शेवटच्या दिवशी दहाच्या आत बाहेर पडायचे होते. राख पत्र्याच्या बादलीत भरून ठेवली, रबरी बूट धुऊन रांगेत लावले, झडपे उघडली. विसरून राहिलेला वडिलांचा चष्मा आठवड्याभरात टपालाने आला, डब्यात कापूस घालून नीट बांधलेला. त्याचे टपालखर्चही कोणी मागितले नाही. अनामत सतराव्या दिवशी ९४६ पाउंड इतकी परत आली. कापलेल्या ५४ पाउंडांत सहा पिशव्या लाकूड दाखवले आहे, त्यांपैकी दोन ओल्या म्हणून आम्ही परत केलेल्या पिशव्या. कंपनीला दोनदा लिहिले आहे, उत्तर अजून आलेले नाही.